दुसऱ्या रविवारची फर्माईश

आत्ती, कुणालाही लिहायचं म्हणजे आधी नमस्कार, मग तब्येतीची चौकशी आणि मग काम, असं तू म्हणायचीस. नमस्कार मला लिहिता येतो. तब्येतीची चौकशी आता कशी करू?

तू जाऊन सतरा दिवस झाले. हे लिहायला जमेल की नाही, मला माहीत नाही. कॉलेजात निबंध लिहिले, पण त्यांतला एकही कुणाला सांगण्यासाठी नव्हता. हे तुला सांगण्यासाठी आहे आणि तुला वाचता येत नव्हतं. तुला वाचून दाखवणारी मीच होते. म्हणजे हे तुझ्यापर्यंत पोचायला कुठूनच वाट नाही. तरी लिहिते आहे. एक गोष्ट तुला सांगायची राहिली, आणि ती पोटात ठेवून मला घास उतरत नाही.

बारावी झाल्यावर तू मला हुपरीला तुझ्या घरी आणलंस. आमच्या गावाहून कोल्हापूरला सकाळच्या कॉलेजाला वेळेत पोचणारी गाडी नव्हती. वडील असून आबा म्हणाले होते, आपल्यात कोण शिकलंय एवढं, हिनं तरी शिकून काय करायचं. तू म्हणालीस, "कोण न्हाय म्हणूनच की." तेवढंच. तुझ्यापुढं तसं कोणीच बोलत नव्हतं. एसटीच्या कंडक्टरला तू झापायचीस, डॉक्टरला झापायचीस, लायटीचं बिल घेऊन येणाऱ्याला पाणी पाजून मग झापायचीस.

मी कॉलेजातून यायचे तेव्हा तू उंबऱ्याजवळ उजेडाला बसून पैंजणांना घुंगरं जोडत असायचीस. झालेलं पैंजण कानाजवळ नेऊन एकदा हलवायचीस आणि बाजूला ठेवायचीस. मधेच एखादं परत हातात घ्यायचीस. ह्यातलं एक मुकं हाय, म्हणायचीस. मला काही कळायचं नाही. मला सगळी सारखीच वाजायची. एकदा मी विचारलं होतं, दिवसभर हे ऐकून कान किटत नाहीत का, वर रविवारी परत गाणं ऐकायला जातेस ते. तू म्हणालीस, "ही नुसती खळखळ. हिच्यात ताल कुठाय? ताल पाय घालतो, आश्वे."

मला गाणं ऐकायला तू शिकवलंस. आमच्या घरी गाणं म्हणजे मोबाइलवरचं. माणूस समोर बसून गातो, त्याला ठसका लागतो, ढोलकीवाला हसतो, पेटीवाला सूर धरून थांबतो, हे मी तुझ्याबरोबर पहिल्यांदा पाहिलं. ढोलकीवाल्याचा डावा हात बघ, उजवा नुसते नखरे करतो, असं तू सांगितलंस. आषाढात कोल्हापुरात बायका नदीचं नवं पाणी डोक्यावर घेऊन त्र्यंबोली देवीला निघतात, त्यांच्यापुढं पी-ढबाक वाजतं. एक सनई आणि एक ढोल, एवढंच. मी कॉलेजाच्या फाटकात उभी होते आणि तू त्या गर्दीत पिशवी सावरत नाचत चालली होतीस. मी मैत्रिणींच्या मागं लपले. हेही तुला माहीत नाही. किंवा असेल.

आणि ते लग्न. बसस्टँडकडं जाताना वरातीचा ब्रास बँड दिसला आणि तू बस सोडून त्याच्यामागं चालायला लागलीस. नवरदेवाकडच्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, पावणं, कुणाकडलं तुम्ही? तू म्हणालीस, वाजवणाऱ्याकडलं. त्यानं खरंच मानलं आणि आपल्या दोघींना सरबत दिलं. परतीची बस सुटली म्हणून मी तुझ्यावर चिडले होते. आज वाटतं, अजून चार बसा सुटायला हव्या होत्या.

पण तुझी खरी जागा म्हणजे कोल्हापुरातली ती तालीम. खाली आखाडा, वर पत्र्याचा हॉल, साठ-सत्तर प्लास्टिकच्या खुर्च्या. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी चार वाजता कार्यक्रम. गवळण, भारूड, एखादी लावणी, जुनी सिनेमातली गाणी, जे येईल ते. पेटीवर एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले मास्तर. गायला शालनबाई, ज्या एरवी शाळेत पोरांची खिचडी शिजवायच्या. निवेदन करायला एक विमा विकणारा तरुण, ज्याला वाटायचं की लोक त्याच्यासाठीच आलेत. ऐकणाऱ्यांनी फर्माईशीची चिठ्ठी लिहून द्यायची, तो ती वाचायचा, मग गाणं व्हायचं.

मी येण्याच्या आधीच तू एकदा शालनबाईंचं गाणं ऐकलं होतंस. नवरात्रात त्या हुपरीला देवळात आल्या होत्या आणि शेवटी पेटी-ढोलकी थांबवून त्यांनी एक जात्यावरचं गाणं म्हटलं. बहीण गावाच्या शिवेवर उभी राहून भावाची वाट बघते, असं ते होतं. ते तुझी आई, म्हणजे मी कधीच न पाहिलेली माझी आजी, दळताना म्हणायची. तुला चाल आठवायची, शब्द नाहीत. शालनबाईंचं माहेर आपल्याच गावाच्या शेजारचं निघालं. ते गाणं तुला परत ऐकायचं होतं. एवढीच तुझी मागणी. गेल्या तीन वर्षांत तू माझ्याकडे दुसरं काहीच मागितलं नाहीस.

तालमीतल्या पहिल्याच कार्यक्रमाला तू मला चिठ्ठी लिहायला बसवलंस. मी वहीचं पान फाडलं आणि म्हटलं, सांग. तू सांगत गेलीस, मी लिहीत गेले. शालनबाई यांना साष्टांग नमस्कार. पत्र लिहिण्यास कारण की, आम्ही इकडे खुशाल असून आपली खुशाली कळवावी. आपण जिना चढताना गुडघा धरत होता, तरी रुईच्या पानाला तेल लावून शेकावे. आणि जमले तर ते आमच्या आईचे गाणे म्हणावे.

आमचे मामा, तुझे मालक, ट्रक घेऊन परमुलखात असायचे तेव्हा शेजारचे गुरुजी तुझी पत्रं लिहून द्यायचे. लिहिणं म्हणजे पत्र, एवढंच तुला ठाऊक होतं. मी तेव्हाच सांगायला हवं होतं. मलाही कुठं माहीत होतं, फर्माईश कशी लिहितात?

निवेदकानं चिठ्ठी उघडली, थोडी वाचली आणि त्याचा चेहरा उजळला. त्यानं ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, नमस्काराला हात जोडून, खुशालीला मान डोलावून. रुईच्या पानाला अख्खा हॉल हसून लोळला. शालनबाईही पदर तोंडाला लावून हसल्या. मग त्या माइकवर म्हणाल्या, हे गाणं मास्तरांबरोबर बसवायला पाहिजे, पुढच्या खेपेला परत चिठ्ठी द्या, नक्की म्हणते. आणि सगळ्यांत मोठ्यानं तू हसत होतीस. माझ्या मांडीवर थाप मारून म्हणालीस, सगळं वाचलं बघ त्येनं, एक अक्षर गाळलं न्हाय.

तुझ्या मागच्याच रांगेत माझ्या वर्गातली प्राजक्ता बसली होती. ढोलकीवाला तिचा काका लागत होता.

दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या जिन्यात तिनं मला हाक मारली, "पत्र लिहिण्यास कारण की, डबा आणलास का?" सगळ्या हसल्या. पुढं आठवडाभर तेच. पत्र लिहिण्यास कारण की, नोट्स दे. पत्र लिहिण्यास कारण की, सर आले. ती वाईट मुलगी नाही. आठवड्यानं ती विसरली. मी विसरले नाही. त्या वर्गात मी आधीच घाबरून बसायचे. सगळ्यांना सगळं आधीपासून येतं आणि मला पहिल्यापासून शिकायचंय, असं वाटायचं. त्यात आता माझी आत्ती म्हणजे रुईचं पान.

पुढच्या दुसऱ्या रविवारी तू परत चिठ्ठी सांगितलीस. मी म्हटलं, आत्ती, फर्माईशीत नमस्कार नसतो, नुसतं गाणं लिहायचं. तू म्हणालीस, "कुत्र्याला हाळी दिल्यागत? दीड तास घसा फोडती ती बाई. आधी तिला इचारायचं, मग मागायचं." आपला वाद तिथं सुरू झाला आणि कधी संपलाच नाही. मी तू सांगशील तसं लिहिलं. मग चिठ्ठी घेऊन स्टेजकडं निघाले आणि वाटेत जिन्याजवळ पाण्याचं पिंप होतं, तिथं थांबले. पाणी प्यायले. चिठ्ठी मुठीत चुरगाळली. परत येऊन बसले आणि म्हटलं, दिली.

आत्ती, पहिलीनंतर मी एकही दिली नाही.

हेच ते. आता लिहिलं आहे, तर पुढचंही लिहिते. त्या दिवशी नाही, पुढच्या महिन्यात नाही, त्याच्या पुढच्या महिन्यात नाही. दर वेळी तू सांगायचीस, मी लिहायचे, पिंपाजवळ पाणी प्यायचे आणि परत यायचे. तू शेवटच्या गाण्यापर्यंत उठायची नाहीस. आता माझंच लागंल, म्हणायचीस. मग लोक खुर्च्या रचायला लागायचे आणि मी म्हणायचे, फार चिठ्ठ्या होत्या गं, वेळ संपला. तू म्हणायचीस, असू दे, बाकीच्यांची बी मनं हायत की.

मी ठरवायचे, पुढच्या खेपेला द्यायची. खरंच ठरवायचे. पण जितके महिने जायचे तितकं ते अवघड व्हायचं. आता चिठ्ठी गेली तर शालनबाई माइकवरून विचारतील, इतके दिवस कुठं होता? आणि सगळं उघडं पडेल. आधी लाज होती, मग नुसती भीती राहिली, आणि शेवटी सवय झाली. सवयीबद्दल तुला काय सांगू?

तुझ्या चिठ्ठ्या हळूहळू बारीक झाल्या, हे मला दिसत होतं. आधी गुडघा गेला. मग खुशाली गेली. एकदा लिहून झाल्यावर तू मला परत वाचायला लावलंस आणि विचारलंस, ह्यात हसण्यासारखं काय न्हाय न्हवं? मी म्हटलं, नाही. मला तेव्हा बरं वाटलं. आत्तीला कळायला लागलं, असं वाटलं. मला, आत्ती. मला बरं वाटलं.

मग तुझा दम. मग कोल्हापूरचा दवाखाना, नाकात नळी, आणि नर्सला झापण्याइतकाही आवाज न राहिलेली तू. मधे दुसरा रविवार आला. तुला तारीख आठवत नव्हती, पण रविवार बरोबर आठवला. दुपारी तू मला म्हणालीस, मी हितं पडलोय, तू तरी जा, चिठ्ठी घिऊन जा. मी लिहायला बसले. तू एवढंच सांगितलंस की आईचं गाणं म्हणा. नमस्कारही नाही. मला वाटलं, धाप लागते म्हणून.

साडेतीनला मी निघाले. दवाखान्याच्या फाटकासमोर चहाची टपरी आहे. तालीम तिथून चालत वीस मिनिटांवर. मी टपरीवर बसले. अर्थशास्त्राचं पुस्तक काढलं. एक चहा घेतला, मग अजून एक. कार्यक्रम संपून चालत यायला किती वेळ लागेल त्याचा हिशेब केला आणि बरोबर सहाला तुझ्या खाटेजवळ आले.

तू जागी होतीस. म्हणालीस, "दिलीस?"

मी म्हटलं, दिली. आणि मग मला काय झालं कुणास ठाऊक. तुझा चेहरा बघून मी म्हणाले, आत्ती, या खेपेला वाचली. गाणं म्हटलं त्यांनी.

"सगळं?"

"सगळं."

"चांगलं म्हटलं?"

मी म्हटलं, फार छान, सगळा हॉल गप्प झाला होता. तू माझ्याकडं बघत राहिलीस. मग माझा हात धरलास आणि म्हणालीस, "बरं झालं." मला वाटलं, शेवटी का होईना, तुला मिळालं. खोटं का होईना. त्या रात्री मला झोप लागली. चौथ्या दिवशी तू गेलीस.

परवा शालनबाई हुपरीला भेटायला आल्या. आबा उंबऱ्याशी बसले होते, मी आत. बाई माझ्याजवळ बसल्या, पाठीवरून हात फिरवला, आणि साधेपणानं सांगायला लागल्या. त्या रविवारी तालमीत कुणाच्या बारशाचं जेवण होतं, म्हणून कार्यक्रमच नव्हता. तेव्हा त्या आणि पेटीमास्तर तुला बघायला दवाखान्यात आले होते. चारच्या सुमारास. तू त्यांना म्हणालीस, पोरगी तुमच्याकडंच गेलीया, चिठ्ठी घिऊन.

मला आधी नीट कळलंच नाही. मग कळलं.

म्हणजे मी सहाला आले तेव्हा तुला माहीत होतं. कार्यक्रम नव्हता, गाणं नव्हतं, हॉल गप्प झाला नव्हता. सगळं, असं मी म्हणाले तेव्हा तुला माहीत होतं.

मी बाईंना विचारलं, आत्ती अजून काही म्हणाली का. त्या म्हणाल्या, गेल्या दिवाळीनंतर तू एकदा मी पाणी प्यायला गेल्यावर त्यांच्याकडं गेली होतीस. आमची चिठ्ठी वाचंना झालाय, पयल्या वेळी काय चुकलं का, राग आला का, असं विचारलंस. माफी मागायला गेली होतीस, आत्ती. माझ्यामुळं तू त्या लोकांची माफी मागायला गेलीस. त्या म्हणाल्या, चिठ्ठी आलीच नाही हो, आत्ता म्हणते की गाणं, त्यात काय. तू म्हणालीस, आता नगो, चिठ्ठी येईल तवा म्हणा.

दिवाळीनंतर. म्हणजे तेव्हापासून दर महिन्याला तू मला चिठ्ठी सांगत होतीस ती काय म्हणून? शेवटच्या गाण्यापर्यंत बसत होतीस ती कुणासाठी? तू गाण्याची वाट बघत नव्हतीस. माझी बघत होतीस.

आणि हे शेवटचं. बाई म्हणाल्या, दवाखान्यात त्यांनी तुझ्या कानाशी वाकून विचारलं, इथंच गुणगुणू का, हळू म्हणते, कुणाला त्रास नाही व्हायचा. तू मानेनंच नको म्हणालीस. बाईंनी तुझे शब्द मला जसेच्या तसे सांगितले.

"पोरगी येऊ दे. तिनं आज्जीला बघितलं न्हाय. मी ऐकलंय, तिचं ऱ्हायलंय."

ते दोघं साडेपाचपर्यंत थांबले. मग पेटीमास्तरांची शेवटची बस होती. मी रस्त्यापलीकडं चहा पीत होते. फाटकातून येणारी-जाणारी माणसं मला दिसत होती. कदाचित मी त्यांना बाहेर पडताना पाहिलंही असेल.

आत्ती, तू कंडक्टरला सोडलं नाहीस, डॉक्टरला सोडलं नाहीस. मलाच का सोडलंस? एक शिवी द्यायची होतीस. तोंडावर म्हणायचं होतंस, खोटारडे, कार्यक्रमच नव्हता आज. मी तिथंच रडले असते, तुझ्या पायांवर पडले असते, धावत जाऊन बाईंना बसस्टँडवरून परत आणलं असतं. चार दिवस होते आपल्याकडं. चार दिवस, आत्ती. तू 'बरं झालं' म्हणालीस आणि माझ्याकडून ते दिवसही काढून घेतलेस. असं मी तुला बोलू नये. पण कुणाला बोलू? तुझ्यावरच राग येतो, आणि राग आला की तुझ्याकडंच येऊन सांगावंसं वाटतं.

बाईंनी माझं रडणं थोडं ओसरू दिलं. मग म्हणाल्या, आता म्हणू का, तिची इच्छा होती. मी डोळे पुसत होते. उंबऱ्यावरून आबा म्हणाले, म्हणा बाई.

बाईंनी डोळे मिटले. मला आवाज लागायच्या आधीचा त्यांचा श्वास ऐकू आला, आणि मी उठले. मुद्दाम नाही. पाय उठले. मागच्या दारानं परसात गेले, कपडे धुवायच्या दगडापाशी, आणि नळ सोडला. बादली भरून वाहायला लागली तरी बंद केला नाही. पाण्यातून नुसता आवाज येत होता, वर जाणारा, खाली येणारा. शब्द नाही. मधेच बाईंच्या आवाजात दुसरा आवाज मिसळला, घोगरा, अडखळणारा. आबांचा होता तो. आबांना ते गाणं येत होतं, आत्ती. मी जन्मात त्यांना गाताना ऐकलं नव्हतं. आणि तेव्हाही नळ चालूच ठेवला.

तुझ्याशिवाय ऐकायचं नव्हतं, असं मी स्वतःला सांगते. पण ते खरं असेल असं मला वाटत नाही. मला भीती वाटली. ते ऐकलं असतं, तर मी काय अडवून धरलं होतं ते मला कळलं असतं.

आवाज थांबल्यावर मी नळ बंद करून आत गेले. बाई पदरानं तोंड पुसत होत्या. आबांचे डोळे लाल झाले होते, पण त्यांचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता इतका मोकळा दिसत होता. ते मला म्हणाले, "आईचं हाय ते. ऐकलंस न्हवं?"

मी हो म्हणाले.

आत्ती, तुला खरं सांगते. नाही ऐकलं.